मेल उघडेना झालं म्हणून फॉरमॅट मारू नका : सोलापूरच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातील टॉवेल, चादर आणि गणवेश बनवणारे सर्व कारखानदार
(अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी, भवानी पेठ, साखर पेठ आणि बाकी सगळीकडचे)

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखता. ऑफिसातला संगणक अडला की ज्याला बोलावणं जातं, तो मी. एकोणीस वर्षं हेच काम करतोय. मागांच्या खोलीत माझं काही काम नसतं, पण तो खडखडाट ऐकतच मोठा झालोय. माझे वडील साखर पेठेत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कुणाचं समजू नका.

दर महिन्याला दहा-बारा तारखेच्या आसपास, बुधवारी नाहीतर गुरुवारी, सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात माझा फोन थांबत नाही. "सर, मेल उघडंना झालंय." "सारखं पासवर्ड मागालंय, बरोबर टाकला तरी घेईना." "नुसतं गोल गोल फिरालंय." आणि प्रत्येक फोनवर एक वाक्य ठरलेलं, "काल संध्याकाळपर्यंत चांगलं चालत होतं की!" ते अगदी खरं असतं. रात्रीतून संगणकाने स्वतःहून अपडेट घेतलेलं असतं आणि सकाळी मेलचा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून घ्यायला तयार नसतो.

मला एकच सांगायचंय. अपडेटने मेलचा प्रोग्राम बंद पडतो, तुमची पत्रं त्याने जात नाहीत. पत्रं जातात ती पुढच्या तासाभरात, आपल्या माणसांच्या हातून. आणि त्या तासाभरात कोण काय करणार, हे मालक केबिनमधून किती मोठ्याने ओरडतात यावर ठरतं. हे लिहिताना मला संकोच वाटतोय, पण एकोणीस वर्षांत जे पाहिलं ते असंच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भोगीचा दिवस, बुधवार. मी बाराबंदी घालून सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याच्या गर्दीत उभा होतो. फोन खिशात वाजत होता, पण नंदीध्वज समोर आलेले असताना कुणाला ऐकू येणार? एका टॉवेलच्या कारखान्यातून सतरा वेळा फोन आला होता. त्यांचा कंटेनर निघायचा होता, पॅकिंग लिस्टमधली दुरुस्ती गिऱ्हाइकाने मेलवर मागितली होती आणि मेलचा प्रोग्राम उघडत नव्हता. मालक दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन विचारत होते. मेल बघणारी पोरगी तेवीस-चोवीस वर्षांची. तिने घाबरून ओळखीच्या एका मुलाला बोलावलं. त्याने अर्धा तास खटपट केली आणि मग म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल," म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागेल. मालक म्हणाले, "मार काय मारायचं ते, पण चालू कर."

मुलगा प्रामाणिक होता. त्याने डेस्कटॉपवरचं सगळं, डॉक्युमेंटचं फोल्डर, फोटो, हिशेबाचा डेटा असं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं होतं. फक्त मेलची फाईल त्यात नव्हती. तो जुना प्रोग्राम आपली फाईल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा, जे साध्या नजरेला दिसतच नाही. संध्याकाळी चारला संगणक नवाकोरा होऊन चालू झाला, मेल जोडलं गेलं आणि इनबॉक्समध्ये दिसली दोन पत्रं. नऊ वर्षांचा पत्रव्यवहार गेला. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठल्या वजनाचा, कुठल्या काठाचा टॉवेल कुठल्या भावाने दिला, कुणी कधी माल परत केला, कुणी काय कबूल केलं, सगळं.

पत्रं सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवा देणाऱ्याच्या संगणकावर, का नव्हती, याचं उत्तर मला द्यायला हवं, कारण त्यात माझा हात आहे. मेल संगणकावर आणायच्या दोन पद्धती आहेत. आयमॅपमध्ये पत्र सर्व्हरवरच राहतं, संगणक त्याची नक्कल दाखवतो. पॉपमध्ये पत्र संगणकावर उतरतं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही हे एका छोट्या खुणेवर ठरतं. कारखान्याच्या नावाचं स्वस्तातलं मेल घेतलं की सर्व्हरवर जागा थोडी मिळते. ती भरली की नवीन पत्रं परत जायला लागतात. तसं झालं तेव्हा मीच ती खूण काढली होती, म्हणजे उतरलं की सर्व्हरवरून पुसलं जाईल. मालकांना "जागेचा प्रश्न मिटला" एवढंच सांगितलं. "आता तुमची सगळी पत्रं या एकाच डब्यात आहेत, याची नक्कल ठेवा" हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ती चूक माझी, आणि म्हणून त्यानंतर कुठल्याही ऑफिसात मी हे बोलल्याशिवाय उठत नाही.

त्या पोरीचा महिन्याचा पगार कापला गेला. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली. तिने काय केलं होतं? सकाळी येऊन संगणक सुरू केला होता. रात्री कोणतं अपडेट आलं, कुणी घेतलं, यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं.

आता हे बुधवारीच का होतं ते सांगतो. कारण कळलं की भीती निम्मी होते. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या सुरक्षेची अपडेट ठरावीक दिवशी देते, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या दिवसांत साडेअकरा. म्हणजे तुमचा संगणक ते ओढून घेतो मंगळवारी रात्री किंवा बुधवारी सुरू केल्यावर. महिन्याचा दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या बाहेर कधी जात नाही. आता तुमच्या ऑफिसचं कॅलेंडर बघा. जीएसटीआर-१ या जीएसटीच्या विवरणपत्राची ११ तारीख तिथेच, पीएफच्या भरण्याची १५ तारीख त्याला लागून. जानेवारीत आपली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची, यात्राही त्याच आठवड्यात. ज्या दिवसांत ऑफिस सगळ्यात घाईत असतं, नेमक्या त्याच दिवसांत हे अपडेट येतं. यात कुणाचा डाव नाही, पण तारखा आधीपासून माहीत आहेत. मग दर महिन्याला अचानक आभाळ कोसळल्यासारखं का वागायचं?

बिघडतं काय, तर नेहमी एकच नसतं. कधी अपडेट अर्धवट बसलेलं असतं. मध्येच लाईट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, किंवा कुणीतरी "नंतर" दाबून ठेवलं. अशा वेळी संगणक पूर्ण रीस्टार्ट केला तरी काम होतं. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार कमी जणांना ठाऊक असते. विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाऊन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. लवकर सुरू होण्यासाठी संगणक बंद होताना आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तीच परत उचलतो. म्हणून "दोनदा बंद करून चालू केलं, काही फरक नाही" असं सांगणाऱ्याला मी रीस्टार्टच करायला लावतो. पुष्कळदा मला गाडीला किक मारावी लागत नाही.

कधी प्रोग्राम ठीक असतो, पण त्याला चिकटलेलं एखादं जोडसॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत बसत नाही. पीडीएफचं, अँटीव्हायरसचं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिल मेल करणारं. हे ओळखायची सोपी रीत आहे. मेलचा प्रोग्राम आउटलूक असेल तर कंट्रोल कळ दाबून धरून त्याच्या चित्रावर क्लिक करा, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे जोडसॉफ्टवेअर वगळून, उघडायचं का विचारेल. थंडरबर्ड हा प्रोग्राम असेल तर त्याच्या मदतीच्या यादीत तसाच ट्रबलशूट मोड आहे. तसं उघडलं तर प्रोग्राम धडधाकट आहे, पत्रं जागेवर आहेत आणि दोष चिकटलेल्या कुठल्यातरी गोष्टीत आहे. मग एकेक बंद करत जायचं. वडील असंच करायचे. माग थांबला की आधी हात पाठीमागे बांधून नुसते बघत उभे राहायचे. मग मागाचा एकेक भाग तपासायचे: धोटा बघ, मग फणी बघ, मग वही. ताण्यातला एक धागा तुटला म्हणून ताणा गुंडाळलेला अख्खा बीम कापून काढलेला मी कधी पाहिला नाही. तुम्ही तर तसं करणाऱ्या कामगाराला दारातही उभं करणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र पहिल्या तासातच बीम कापायला सांगता.

पासवर्डचं प्रकरण सगळ्यात फसवं आहे, त्यावर जरा थांबतो. पासवर्ड सारखा मागतोय याचा अर्थ पासवर्ड चुकला असा असेलच असं नाही. नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन आत यायची जुनी पद्धतच मोठ्या मेलसेवांनी बंद केली आहे. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या मेलसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आणि वैयक्तिक आउटलूक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ला. आता एकतर प्रोग्रामने ब्राउझरसारखी खिडकी उघडून तिथे ओळख पटवावी लागते, किंवा जीमेलसारख्या खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून त्या प्रोग्रामपुरता सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढून द्यावा लागतो. अपडेटनंतर प्रोग्राम जपून ठेवलेली ओळख विसरला की तो पुन्हा विचारतो, आणि आपण त्याला रोजचा पासवर्ड देत बसतो. तो घेत नाही. मग कुणीतरी "पासवर्ड विसरलात?" वर दाबून नवा पासवर्ड करतं. इथे खरा घोळ होतो. गुगल खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. एका टेबलावरची अडचण होती, ती आता डिस्पॅचच्या टेबलावर, अकाउंट्सच्या टेबलावर आणि मेल पाठवणाऱ्या स्कॅनरवरही पोहोचली. मालक परगावी असतील तर त्यांच्या मोबाईलवरही. दहा मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

आणि कधी दोष तुमच्या संगणकात नसतोच. मेलचा प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुलूपबंद असतं. त्या कुलपाच्या टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या तऱ्हा मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरल्या. थंडरबर्डने तर २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीतच त्या बंद ठेवल्या होत्या. तुमच्या मेलची जागा ज्याच्याकडून घेतली त्याचा सर्व्हर जुनाच राहिला असेल, तर तुमचा प्रोग्राम सुधारला त्या दिवशी दोघांचं बोलणं थांबतं. अशा वेळी संगणक शंभरदा फॉरमॅट केला तरी मेल येणार नाही. फोन सर्व्हरवाल्याला करायचा असतो.

म्हणून माझी पहिली विनंती. मेल उघडेना झालं की त्या माणसाला आधी हे करू द्या. मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये तेच खातं उघडून बघू द्या. तिथे पत्रं दिसली तर खातं सुखरूप आहे. गिऱ्हाइकाला उत्तर तिथूनच जाऊ द्या, पॅकिंग लिस्ट तिथूनच जोडू द्या, कंटेनर निघू द्या. प्रोग्राम दुपारी बघता येईल. हे एवढं झालं की ऑफिसातला ताण लगेच उतरतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. पण यासाठी मेल बघणाऱ्या माणसाकडे ब्राउझरमधून आत जायचा पत्ता आणि पासवर्ड हवा. पुष्कळ कारखान्यांत तो फक्त मालकांच्या डायरीत असतो, डायरी घरच्या कपाटात असते आणि मालक त्या दिवशी लग्नाला गेलेले असतात.

पडद्यावर इंग्रजीत जे काही लिहून आलंय त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. "कायतरी एरर आलता, मी बंद केलं" यावरून मला काहीच कळत नाही. त्या ओळीतल्या चार अक्षरांवरून मी घरबसल्या सांगू शकतो की यायची गरज आहे की नाही.

आणि दुरुस्तीला कुणीही येवो, मी किंवा दुसरा, मेलचा प्रोग्राम बंद करून त्याच्या फाईलची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्याला कशालाही हात लावू देऊ नका. फाईल दुरुस्त करायचं साधन असतं, तेही नकलेवर चालवावं. जुनं प्रोफाइल, म्हणजे प्रोग्राममधली तुमच्या खात्याची मांडणी, पुसायचं नाही, शेजारी नवं करून बघायचं. नवं प्रोफाइल केलं की आणखी एक गोष्ट रिकामी होते, ती आधी लक्षात येत नाही. पत्ता टाइप करताना दोन अक्षरांवर जे नाव पुढे येतं, ती यादी. गिऱ्हाइकांचे पत्ते कित्येक ऑफिसांत फक्त तिथेच असतात, वेगळी वही नसते. मग आठवणीने पत्ता लिहिला जातो, एक अक्षर चुकतं आणि दरपत्रक भलत्याच ठिकाणी जातं.

याच दिवशी चोरही जागे असतात. गोंधळलेला माणूस इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतो, खोटा नंबर सापडतो, पलीकडचा गोड आवाज संगणक ताब्यात घ्यायचं ॲप उतरवायला लावतो. "तुमचा मेलबॉक्स बंद होणार आहे, इथे दाबा" अशी पत्रंही येतात. आणि निर्यात करणाऱ्यांसाठी सगळ्यात वाईट म्हणजे, एकदा खात्याची चावी चोराला मिळाली की तो तुमच्या गिऱ्हाइकाला तुमच्याच नावाने बँक खातं बदलल्याचं कळवतो. पैसे बदललेल्या खात्यात जातात आणि तुमच्यात नि गिऱ्हाइकात भांडण लागतं. असं काही झालंच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जायची आशा जास्त.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. तुमच्यातले बरेच जण मला म्हणतात, "हे अपडेटच कायमचं बंद करून टाक. ना रहेगा बांस." मी ते करत नाही, आणि का करत नाही हे मला नीट सांगायचंय, कारण तुम्हाला वाटतं मी माझं बिल चालू राहावं म्हणून अडून बसतो.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला आणि संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी ५९ दिवस, १४ मार्चला दिलं होतं. तो मार्चचा दुसरा मंगळवारच होता. ज्यांनी ते घेतलं ते त्या भोकापुरते सुरक्षित होते. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्याने हेच भोक वापरलं, शिवाय आणखीही वाटा वापरल्या. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचं काम जगभर ठप्प केलं आणि आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरात त्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामही अडलं. तुमचे टॉवेल त्याच बंदरातून जातात. तेव्हा हा लांबचा विषय नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. नॉटपेट्या सुरुवातीला शिरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवत बंद पडले. १५ जुलै २०२० ला आउटलूक जगभर उघडताक्षणी बंद पडत होतं, तोही दोष कंपनीकडून आलेल्या बदलाचाच होता. पण त्याची दुरुस्ती काही तासांत आली आणि ती कंपनीच्या बाजूनेच लागू झाली. ज्यांनी तेवढा वेळ ब्राउझरमधून काम चालवलं त्यांचं काहीच गेलं नाही.

म्हणून अपडेट बंद करण्याऐवजी ते आठवडाभर पुढे ढकला. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय आहे, जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. ऑफिसातला कमी महत्त्वाचा एक संगणक आधी अपडेट घेऊ दे. त्यावर मेल, हिशेब, प्रिंटर दोन-तीन दिवस नीट चालले की बाकीच्यांना घेऊ द्या. जीएसटीची तारीख तोवर उलटलेली असते. कामाचे तास नोंदवून ठेवायचीही जागा आहे, म्हणजे भर दुपारी संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही. आणि एखाद्या अपडेटनेच घोळ केला अशी खात्री झाली, तर अपडेटच्या इतिहासात जाऊन तेवढंच काढता येतं. त्यासाठी अख्खा संगणक कोरा करावा लागत नाही.

जुन्या यंत्रांबद्दल थोडक्यात. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज लाइव्ह मेल हा जुना मेल प्रोग्राम २०१७ च्या जानेवारीपासून बेवारस आहे. विंडोजबरोबर फुकट येणारं मेल ॲपही ३१ डिसेंबर २०२४ ला थांबलं. यातलं काही ना काही मला अजून दर दोन-तीन ऑफिसांत दिसतं. जकार्ड मागावर लाखांचा खर्च करणाऱ्या कारखान्यात ज्या टेबलावरून ऑर्डर येते तिथलं यंत्र बारा वर्षांचं, हे मला पटत नाही. सगळं एकदम बदला असं म्हणत नाही. मेल ज्या यंत्रावर येतं ते आधी बदला.

आणि त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाबद्दल. कुणाचाही पगार अपडेटपायी कापू नका. "अपडेट आणि रीस्टार्ट" हे बटण दाबलं म्हणून ओरडू नका, ते दाबणंच बरोबर असतं. ज्याला ओरडा बसायची धास्ती असते तो चूक लपवतो. तुम्हाला न सांगता कुणालातरी बोलावतो, त्याच्याकडून फॉरमॅट मारून घेतो आणि चार महिन्यांनी ऑडिटच्या वेळी पत्रं शोधताना ते बाहेर येतं. मला सुरुवातीच्या दहा मिनिटांत फोन आला, तेव्हा पत्रं गेली असं आजवर एकदाही झालेलं नाही. गेली ती सगळी नंतर बोलावलेल्या ठिकाणी.

पुढचा दुसरा मंगळवार यायच्या आत तुमच्या ऑफिसात एवढं करून घ्या. मेल पॉपवर आहे की आयमॅपवर हे विचारा. पॉपवर असेल तर सर्व्हरवर प्रत राहते का ते बघायला लावा, जागा कमी पडत असेल तर जागा वाढवून घ्या, एका टॉवेलच्या गठ्ठ्याएवढाही तो खर्च नाही. मेलच्या फाईलची नक्कल दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घेतली जाईल आणि ती डिस्क संगणकाला चिकटून न राहता कपाटात जाईल, हे कुणाचं तरी नाव घेऊन ठरवा. गिऱ्हाइकांचे पत्ते एकदा यादी करून छापून ठेवा.

हे कसं करायचं कळत नसेल तर मी येतो. येते चार रविवार मी यासाठी मोकळे ठेवले आहेत, अक्कलकोट रोडपासून चिंचोळीपर्यंत कुठेही, आणि या कामाचे पैसे घेणार नाही. संगणकाला जोडायची एक रिकामी डिस्क तुमच्याकडे असावी एवढंच. आणि त्या दिवशी मेल बघणाऱ्या माणसाला सुट्टी असली तरी तासभर बोलावून घ्या. मी दाखवेन ते त्याला किंवा तिला स्वतःच्या हाताने करू द्या, बुधवारी सकाळी त्या खुर्चीत मी नसणार.

आपला,
साखर पेठेतल्या एका जॉबरचा मुलगा,
तुमच्या ऑफिसांतले संगणक दुरुस्त करणारा
सोलापूर